विरोधाभास ‘सोडवायचा’ म्हणजे नक्की काय करायचं?



संशोधनाची तयारी करताना ‘पॅराडॉक्स’ हा शब्द आपल्याला बहुतेक वेळा एखाद्या मजेशीर कोड्याच्या रूपात भेटतो. ‘मी खोटं बोलतोय’ असं म्हणणारा माणूस खरं बोलतोय की खोटं? आपण दोन मिनिटं डोकं खाजवतो, हसतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. नेट-सेटच्या पहिल्या पेपरात तर्कशास्त्राचा घटक असतो, तिथेही विरोधाभासांना फारशी जागा नसते. तेव्हा ‘हे वाचून मला काय उपयोग?’ असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे.

माझं उत्तर असं की विरोधाभास हे संशोधनाच्या तालमीचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. प्रयोगशाळा नको, सर्व्हे नको, अनुदान नको. आणि जी गोष्ट पुढे तीन-चार वर्षं करायची आहे, म्हणजे आपण गृहीत धरलेल्या गोष्टींपैकी कुठली सोडायची आणि ती सोडल्यावर आणखी काय काय हातातून जातं हे बघणं, ती इथे एका पानात करून पाहता येते.

आधी शब्द नीट लावून घेऊ

शाळेत विरोधाभास हा एक अलंकार म्हणून शिकलो. तिथे वरवर विरोध दिसतो, पण अर्थ लावला की तो विरघळतो. तर्कशास्त्रातल्या विरोधाभासाची गंमत अशी की तिथे विरोध खरोखर ‘आभास’ आहे की नाही हाच तर वादाचा मुद्दा असतो. ‘अ’ आणि ‘अ नाही’ ही दोन्ही विधानं एकदम हाती आली तर त्याला मी या लेखात ‘व्याघात’ म्हणेन. म्हणजे दोन शब्दांची सरमिसळ होणार नाही.

प्रत्येक विरोधाभासाचे तीन भाग पाडता येतात: (१) पटण्यासारखी आधारविधानं, (२) पटण्यासारखा युक्तिवाद आणि (३) न पटणारा निष्कर्ष. आर. एम. सेन्सबरी या तत्त्वज्ञांनी विरोधाभासाची केलेली व्याख्या याच धर्तीची आहे. तिचा फायदा असा की बाहेर पडायचे रस्ते लगेच मोजता येतात, आणि ते तीनच आहेत. एखादं आधारविधान सोडा, युक्तिवादातली एखादी पायरी सोडा, नाहीतर निष्कर्ष गिळा. चौथा रस्ता नाही. ‘हे सगळं शब्दांचे खेळ आहेत’ असं म्हणणाऱ्यालाही शेवटी कुठल्या शब्दामुळे कुठलं आधारविधान पडतं हे सांगावंच लागतं.

आणि प्रत्येक रस्त्यावर टोलनाका आहे. या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचंय. विरोधाभास सोडवणं म्हणजे कुठल्या रस्त्याला किती टोल पडतो हे मोजणं.

तीन उदाहरणं, तीन स्वभाव

विसाव्या शतकातले अमेरिकन तर्कज्ञ क्वाइन यांनी विरोधाभासांचे तीन गट केले होते. प्रत्येकाचं एक उदाहरण बघू.

पहिला गट: निष्कर्ष विचित्र वाटतो, पण खरा असतो. एका वर्गात २३ जण असतील तर त्यातल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता ५० टक्क्यांहून थोडी जास्त असते. वर्षाचे दिवस ३६५, मग २३ जणांत हे कसं? तर आपण नकळत ‘माझ्या वाढदिवसाला कोणाचा आहे का’ असा विचार करत असतो. प्रश्न मात्र जोड्यांचा आहे, आणि २३ जणांच्या जोड्या होतात २५३. इथे निष्कर्ष गिळायचा. टोल शून्य, फक्त अंतर्ज्ञानाला थोडा धक्का. (यात एक आधारविधान लपलेलं आहे: वर्षाचे सगळे दिवस वाढदिवसासाठी सारखेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख १ जून लिहून टाकली त्या पिढीची कागदपत्रं घेतलीत तर हे आधारविधान साफ कोसळतं आणि शक्यता आणखी वाढते. लपलेलं आधारविधान शोधायची सवय इथूनच लावून घ्या.)

दुसरा गट: निष्कर्ष खोटा असतो आणि युक्तिवादात चूक लपलेली असते. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या झेनोचा अकिलीस आणि कासव. कासव १०० मीटर पुढे आहे. अकिलीस सेकंदाला १० मीटर धावतो, कासव १ मीटर (बरंच चपळ कासव आहे, पण हिशेब सोपा होतो). अकिलीस १०० मीटर पार करतो तोवर कासव १० मीटर पुढे, ते १० पार करतो तोवर १ मीटर पुढे, आणि असंच अनंत वेळा. म्हणजे अकिलीस कासवाला कधीच गाठणार नाही! इथे लपलेलं विधान असं: ‘अनंत टप्पे असतील तर त्यांना अनंत वेळ लागणारच.’ प्रत्यक्षात वेळ लागतो १० + १ + ०.१ + ०.०१… सेकंद, आणि ही बेरीज ११ पूर्णांक १/९ सेकंदांवर थांबते. वाक्य सोडायला सोपं वाटतं, पण ‘अनंत पदांची बेरीज’ म्हणजे नक्की काय हे काटेकोरपणे सांगायला गणिताला एकोणिसाव्या शतकापर्यंत थांबावं लागलं. टोल भरला गेला, पण दोन हजारांहून जास्त वर्षांच्या हप्त्यांनी.

तिसरा गट सगळ्यात त्रासदायक. इथे चूक कुठे आहे हे दिसत नाही आणि निष्कर्ष गिळताही येत नाही. आपल्या विचारपद्धतीतली एखादी लाडकी गोष्टच बदलावी लागते. पुढची उदाहरणं मुख्यतः या गटातली आहेत.

न्हावी आणि संच: दिसायला सारखे, टोल वेगळा

एका गावात एक न्हावी आहे. गावातले जे पुरुष स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत त्या सगळ्यांची, आणि फक्त त्यांचीच, दाढी तो करतो. तो स्वतः त्याच गावातला पुरुष. मग त्याची दाढी कोण करतं? स्वतः करत असेल तर तो ‘स्वतःची न करणाऱ्यांत’ नाही, म्हणजे त्याने ती करायची नाही. करत नसेल तर तो त्या गटात आला, म्हणजे त्याने ती करायलाच हवी.

आता तीन भाग पाडा. ‘असा एक न्हावी आहे’ हे एकच आधारविधान आहे. ते सोडलं की संपलं: असा न्हावी असू शकत नाही. टोल काय पडला? काहीच नाही. असा न्हावी आहेच असं आपल्याला कुठल्या नियमाने सांगितलं होतं? गोष्ट सांगणाऱ्याने सांगितलं, एवढंच.

आता हीच रचना संचांवर लावू. काही संच स्वतःचे घटक नसतात. सर्व पुस्तकांचा संच हे काही पुस्तक नाही, म्हणून तो स्वतःचा घटक नाही. आता जे जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सगळ्यांचा एक संच करा. हा संच स्वतःचा घटक आहे का? असेल तर नाही, नसेल तर आहे. अगदी न्हाव्यासारखंच. मग इथेही ‘असा संच नाही’ म्हणून मोकळं व्हायला काय हरकत?

हरकत होती, आणि ती गॉटलोब फ्रेगे या जर्मन गणितज्ञाला महागात पडली. सगळं अंकगणित शुद्ध तर्कशास्त्राच्या पायावर उभं करायचं हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्याच्या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड १८९३ मध्ये आला. त्याच्या पद्धतीत एक मूलभूत नियम होता, आणि त्यातून असं निघत होतं की कुठलाही गुणधर्म सांगा, तो गुणधर्म असलेल्या वस्तूंचा समूह हा असतोच. म्हणजे न्हाव्याचं अस्तित्व फक्त गोष्टीत होतं, पण या संचाचं अस्तित्व नियमानेच हमी देऊन ठेवलं होतं. संच नाकारायचा तर नियम नाकारायचा, आणि नियमावर तर इमारत उभी!

१६ जून १९०२ रोजी बर्ट्रांड रसेलने फ्रेगेला पत्र लिहून हा घोटाळा कळवला. फ्रेगेच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छपाईत होता. फ्रेगेने २२ जूनला, म्हणजे आठवड्याच्या आत, उत्तर दिलं. या शोधाने आपल्या कामाचा पायाच हादरला आहे हे त्याने मान्य केलं आणि शोधाचं मोलही मान्य केलं. १९०३ मध्ये दुसरा खंड निघाला तो रसेलचा विरोधाभास मांडणारी पुरवणी जोडून. त्यात फ्रेगेने सुचवलेली दुरुस्ती पुढे टिकली नाही. पण आपलं काम कुठे मोडतं हे त्याने त्याच पुस्तकात छापलं, आणि रसेलने कितीतरी वर्षांनी या सचोटीचं मनापासून कौतुक केलं.

‘एका विचित्र संचाने एवढं काय बिघडलं? तेवढा वगळून बाकीचं चालू ठेवायचं,’ असं वाटू शकतं. ते जमत नाही. नेहमीच्या तर्कशास्त्रात एक व्याघात हाती आला की त्यातून काहीही सिद्ध करता येतं. बघा: ‘अ’ खरं आहे, म्हणून ‘अ किंवा २ + २ = ५’ खरं. पण ‘अ नाही’ हेही खरं आहे. म्हणून उरतं २ + २ = ५. धरणाला पडलेलं भोक छोटं आहे म्हणून दुर्लक्ष करण्यातला हा प्रकार.

मग टोल कोणी कसा भरला? रसेलने १९०८ मध्ये प्रकार-सिद्धांत मांडला: वस्तूंचा एक स्तर, वस्तूंच्या संचांचा त्याच्या वरचा, संचांच्या संचांचा आणखी वरचा. ‘स्वतःचा घटक’ हे वाक्यच मग निरर्थक ठरतं. टोल असा की एकच गोष्ट प्रत्येक स्तरावर पुन्हा पुन्हा मांडावी लागते. त्याच वर्षी त्सेर्मेलोने दुसरा रस्ता घेतला: गुणधर्म सांगून हवेतून संच बनवता येणार नाही, आधीच हाती असलेल्या एखाद्या संचातून तो वेगळा काढता येईल. टोल: ‘सगळ्या संचांचा संच’ नावाची गोष्ट उरत नाही. आज गणिताचे विद्यार्थी संचांचे जे नियम शिकतात ते मुख्यतः या दुसऱ्या वाटेवरचे.

खोटारड्याचं वाक्य

एपिमेनिडीस हा क्रीट बेटावरचा माणूस, आणि म्हणतो, ‘क्रीटचे लोक नेहमी खोटंच बोलतात.’ पुष्कळ ठिकाणी हा विरोधाभास म्हणून दिलेला असतो. पण जरा थांबा. वाक्य खरं धरलं तर अडचण होते, हे बरोबर. खोटं धरलं तर? ‘सर्व क्रीटवासी नेहमी खोटं बोलतात’ याचा नकार ‘सर्व क्रीटवासी नेहमी खरं बोलतात’ असा होत नाही. ‘एखादा क्रीटवासी कधीतरी एकदा खरं बोलला’ एवढाच होतो. त्यात काही अडचण नाही. म्हणजे वाक्य सरळ खोटं आहे, संपलं. पहिल्या पेपरसाठी ‘स्क्वेअर ऑफ अपोझिशन’ पाठ केलेल्यांनी इथे त्याचा उपयोग करून बघावा. ‘सर्व’चा नकार ‘काही नाहीत’ होतो, ‘एकही नाही’ होत नाही.

खरा विरोधाभास याहून आटोपशीर आहे: ‘हे वाक्य खोटं आहे.’ खरं धरलं तर खोटं, खोटं धरलं तर खरं. इथे पळवाट नाही. परंपरेने याचं श्रेय ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या मिलेटसच्या युबुलिडीसला दिलं जातं. भारतीय परंपरेत भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’मध्ये आपलं सगळं बोलणं खोटं आहे असं म्हणणाऱ्याच्या अडचणीचा विचार केला आहे, आणि नागार्जुनाला ‘सर्वच शून्य असेल तर तुझं हे म्हणणंही शून्यच’ या आक्षेपाला उत्तर द्यावं लागलं होतं. म्हणजे स्वतःलाच लागू होणाऱ्या वाक्यांची अडचण आपल्याकडेही ओळखीची होती.

पहिला विचार मनात येतो: वाक्याने स्वतःबद्दल बोलायलाच बंदी घालावी. दोन अडचणी. एक, ‘हे वाक्य मराठीत आहे’ हे स्वतःबद्दलच बोलतं आणि निमूटपणे खरं असतं. दुसरी अडचण मोठी. न्यायदर्शनात सदोष युक्तिवादांची नावं आहेत: आत्माश्रय, अन्योन्याश्रय, अनवस्था. ते शब्द मी इथे थोड्या मोकळ्या अर्थाने उसने घेतो.

‘हे वाक्य खोटं आहे’ हा आत्माश्रयाचा प्रकार. आता एका कार्डाच्या पुढच्या बाजूला लिहा, ‘मागचं वाक्य खरं आहे’, आणि मागे लिहा, ‘पुढचं वाक्य खोटं आहे’. एकही वाक्य थेट स्वतःबद्दल बोलत नाही, तरी गाठ बसलीच. हा अन्योन्याश्रय. आता एक न संपणारी रांग घ्या, जिथे प्रत्येक वाक्य म्हणतं, ‘माझ्यानंतरची सगळी वाक्यं खोटी आहेत.’ पहिलं वाक्य खरं धरा. मग दुसरं, तिसरं, चौथं, सगळी खोटी. पण तिसऱ्यापासून पुढची सगळी खोटी असतील तर दुसऱ्याने तेच सांगितलंय, म्हणजे दुसरं खरं! व्याघात. म्हणून पहिलं खोटं. असाच युक्तिवाद प्रत्येक वाक्याला लागू होतो, म्हणजे सगळी खोटी. पण मग पहिल्याच्या पुढची सगळी खोटी आहेत, म्हणजे पहिलं खरं. पुन्हा व्याघात. ही रांग स्टीफन याब्लो यांनी १९९३ मध्ये मांडली. यात कुठलंच वाक्य मागे वळून स्वतःकडे बघत नाही, निदान वरवर तरी नाही. खरंच नाही का, यावर तज्ज्ञांचं अजून भांडण चालू आहे.

मग रस्ते कुठले? टार्स्कीने १९३० च्या दशकात सुचवलं की एखाद्या भाषेतलं ‘सत्य’ त्याच भाषेत बोलू नये, एक पायरी वरच्या भाषेत बोलावं. टोल: आपण रोज बोलतो ती मराठी अशा पायऱ्यांची नाही, आपण एकाच मराठीत सगळं बोलतो. दुसरा रस्ता: हे वाक्य खरंही नाही आणि खोटंही नाही, मधल्या खड्ड्यात आहे. छान. मग ‘हे वाक्य खरं नाही’ हे वाक्य घ्या. ते खड्ड्यात असेल तर ते खरं नाही. पण तेच तर ते सांगतंय! तिसरा रस्ता ग्रॅहम प्रीस्ट यांचा: निष्कर्ष गिळा, काही वाक्यं खरी आणि खोटी दोन्ही असतात. टोल: वर २ + २ = ५ जिथून आलं ती युक्तिवादाची पायरी सोडावी लागते.

रास, आणि तुमच्या प्रबंधातला कटऑफ

आता असा विरोधाभास जो तुमच्या डेटात बसलेला आहे. हाही युबुलिडीसच्याच नावावर आहे.

खळ्यावर १०,००० दाण्यांची रास आहे. राशीतून एक दाणा काढला तर ती रासच राहते. म्हणून ९,९९९ दाण्यांची रास. म्हणून ९,९९८ दाण्यांची… असं करत करत एका दाण्याचीही रास.

युक्तिवादाची पायरी एकच, पुन्हा पुन्हा वापरलेली. निष्कर्ष गिळवत नाही. उरतं ते ‘एका दाण्याने फरक पडत नाही’ हे आधारविधान. ते सोडायचे तीन मार्ग बघा. टिमथी विल्यमसन म्हणतात, नेमकी सीमारेषा असते, फक्त ती आपल्याला कळू शकत नाही. टोल: ‘रास’ या शब्दाला ही गुप्त रेषा आखून दिली कुणी? किट फाइन यांचा मार्ग: ‘रास’ला नेमकेपणा देण्याचे अनेक मान्य मार्ग आहेत, त्या सगळ्यांत जे खरं तेच खरं. टोल: ‘कुठेतरी सीमारेषा आहे’ हे खरं, पण कुठल्याही ठरावीक आकड्याबद्दल ‘ती इथे आहे’ हे खरं नाही. तिसरा मार्ग अंशात्मक सत्याचा, ज्याला झादेंच्या १९६५ च्या फझी संचांमुळे गणिती रूप मिळालं: ५,००० दाणे ०.८ इतके रास. टोल: ०.८ च का, ०.७९ का नाही? सीमारेषेचा प्रश्न पुन्हा दारात.

आता तुमच्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या वर्गवारीत बीएमआय २५ पासून ‘जास्त वजन’ सुरू होतं, तर भारतीयांसाठी बरेच डॉक्टर आणि संशोधक २३ ची रेषा वापरतात. २२.९ आणि २३.१ या दोन माणसांत निसर्गाने काही भिंत घातली आहे का? नाही. पी-मूल्य ०.०४९ आलं की ‘सार्थ’ आणि ०.०५१ आलं की ‘निरर्थ’, यामध्ये काय आहे? ०.०५ ही रेषा लोकप्रिय झाली ती रोनाल्ड फिशरच्या १९२५ च्या पुस्तकामुळे, आणि तिथेही ती सोयीची म्हणूनच आली होती.

याचा अर्थ रेषा आखूच नये असा नाही. रेषेशिवाय ‘कुपोषित’, ‘अल्पभूधारक’, ‘नियमित वाचक’ हे शब्द मोजताच येणार नाहीत. पण रास आपल्याला सांगते की रेषा आपण आखली आहे, ती सापडलेली नाही. म्हणून तीन गोष्टी करा. रेषा डेटा बघण्याआधी ठरवा आणि कारणासह लिहून ठेवा. मूळ मोजमाप (वजन, हेक्टर, तास) जपून ठेवा, फक्त ‘हो/नाही’ करून टाकू नका. आणि रेषा थोडी इकडेतिकडे सरकवून निष्कर्ष टिकतो का ते दाखवा. ‘तुमचा कटऑफ इथेच का?’ हा प्रश्न व्हायव्हात येणारच. ‘आधीच्या संशोधकांनी असाच घेतला’ हे अर्धं उत्तर झालं. ‘आणि रेषा सरकवली तरी निष्कर्ष बदलत नाही’ हे उरलेलं अर्धं.

डोमकावळा आणि पिवळा झेंडू

कार्ल हेंपेल यांनी १९४५ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात मांडलेला हा विरोधाभास प्रत्येक संशोधकाने एकदा तरी पचवावा. त्यांचा पक्षी रेव्हन होता. आपल्या घरकावळ्याची मान राखाडी असते, म्हणून आपण डोमकावळा घेऊ.

परिकल्पना: ‘सर्व डोमकावळे काळे असतात.’ काळा डोमकावळा दिसला की तिला थोडा आधार मिळतो. पटतं. आता हेच विधान दुसऱ्या शब्दांत: ‘जे जे काळं नाही ते डोमकावळा नाही.’ तर्काने दोन्ही एकच. म्हणून एकीला ज्याने आधार मिळतो त्याने दुसरीलाही मिळायला हवा. पिवळा झेंडू काळा नाही आणि डोमकावळाही नाही, म्हणजे दुसऱ्या विधानाला आधार. मग बाजारात झेंडू बघून पक्षिशास्त्र करता येईल!

प्रचलित उत्तर असं की निष्कर्ष गिळा, पण किंचित: काळ्या नसलेल्या वस्तू जगात इतक्या अफाट आहेत की एका झेंडूने मिळणारा आधार जवळजवळ शून्य. मला जास्त उपयोगी वाटतो तो वेगळा मुद्दा: ती वस्तू तुमच्या हाती आली कशी? चार पद्धती बघा. (१) डोमकावळा पकडून रंग बघितला. पांढरा निघू शकत होता, म्हणजे परिकल्पनेला धोका होता. (२) काळी नसलेली वस्तू उचलून ती डोमकावळा आहे का बघितलं. धोका होता, पण फारच कमी. (३) काळी वस्तू उचलून ती काय आहे बघितलं. काहीही निघालं तरी परिकल्पना खोटी ठरत नाही. (४) झेंडू आहे हे माहीत असताना रंग बघितला. इथेही धोका शून्य. धोका नसलेली चाचणी ही चाचणीच नव्हे.

आता हे पेपरातल्या मुलाखतींवर लावा. ‘पहाटे चारला उठणारा यशस्वी होतो’ हा दावा. पुरावा: स्पर्धा परीक्षेतल्या यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती, सगळे पहाटे उठायचे. पण दावा खोटा ठरवणारा माणूस कोण? पहाटे उठूनही यशस्वी न झालेला. तो या नमुन्यात येऊच शकत नाही. शंभर मुलाखती घ्या नाहीतर हजार, दाव्याला धोका शून्यच. नमुना-निवड म्हणजे फक्त ‘किती जण’ एवढाच प्रश्न नसतो, हे लक्षात ठेवा.

आणि ‘काळा डोमकावळा दिसला की आधार मिळतो’ हे तरी नेहमी खरं आहे का? संख्याशास्त्रज्ञ आय. जे. गुड यांनी १९६७ मध्ये एक उदाहरण दिलं. समजा आपण दोनपैकी एका जगात आहोत. पहिल्यात १०० कावळे, सगळे काळे, आणि १० लाख इतर पक्षी. दुसऱ्यात १,००० काळे कावळे, एक पांढरा, आणि १० लाख इतर पक्षी. डोळे मिटून एक पक्षी उचलला, तो काळा कावळा निघाला. पहिल्या जगात याची शक्यता १०,००१ मध्ये १, दुसऱ्यात सुमारे १,००१ मध्ये १. म्हणजे काळा कावळा दिसल्याने आपण दुसऱ्या जगात असल्याची शक्यता वाढली, जिथे ‘सर्व कावळे काळे’ हे खोटं आहे! पुरावा कशाला आधार देतो हे पार्श्वभूमीची माहिती न बघता ठरत नाही.

तुमच्या वहीसाठी

यापुढे विरोधाभास भेटला, किंवा तुमच्याच विषयात दोन मान्य गोष्टी एकमेकींच्या अंगावर धावून जाताना दिसल्या, तर वहीचं एक पान घ्या.

१. आधारविधानं एकेक करून क्रमांक घालून लिहा. लपलेली शोधा (१ जून आठवा).
२. युक्तिवादाच्या पायऱ्या लिहा, एकही गाळू नका.
३. प्रत्येक ओळीसमोर लिहा: ही सोडली तर आणखी काय काय सोडावं लागेल?
४. सगळ्यात कमी टोलाचा रस्ता निवडा, आणि तोच का निवडला ते एका वाक्यात लिहा.
५. टोल लपवू नका. प्रबंधात ‘मर्यादा’ नावाचं जे प्रकरण शेवटच्या रात्री उरकलं जातं, ते खरं म्हणजे टोलाच्या पावत्या लावायचं ठिकाण आहे. फ्रेगेने ती पावती आपल्याच ग्रंथात छापली होती.

आता एक तुमच्यासाठी. सर शुक्रवारी वर्गात सांगतात, ‘पुढच्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार यांपैकी एका दिवशी परीक्षा होईल, पण आदल्या रात्री तुम्हाला ती उद्या आहे हे कळलेलं नसेल.’ विद्यार्थी विचार करतात: गुरुवारपर्यंत झाली नाही तर शुक्रवारीच असणार हे गुरुवारी रात्री कळेल, म्हणून शुक्रवार बाद. मग त्याच न्यायाने गुरुवार बाद, बुधवार बाद, मंगळवार, सोमवार… परीक्षा होऊच शकत नाही! सगळे निवांत. आणि सर बुधवारी परीक्षा घेतात. कोणालाच अंदाज नव्हता, म्हणजे सरांचं म्हणणं खरं ठरलं.

विद्यार्थ्यांचं कुठे चुकलं? एक इशारा देतो: विद्यार्थ्यांनी सरांचं वाक्य नुसतं खरं धरलं की ते खरं आहे हे आपल्याला *माहीत* आहे असंही धरलं, आणि गुरुवारी रात्रीही ते तसंच माहीत राहील असं धरलं का? पान काढा, क्रमांक घाला. कुठली ओळ सोडलीत आणि टोल किती पडला ते नक्की कळवा.